यादी भिंतीतल्या प्लगपासून सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'ओव्हरक्लॉकिंगसाठी दीड लाखाचा गेमिंग पीसी' या मथळ्याखाली सुट्या भागांची यादी आली होती. (ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर वगैरे भाग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं.) या विषयावर मराठीत कुणी काही लिहितं याचा आधी आनंद झाला, पण यादी संपेपर्यंत तो फारसा उरला नाही. प्रोसेसर कोअर आय५-१४६००के, मदरबोर्ड बी७६० चिपसेटचा, डीडीआर५ रॅमची १६ जीबीची एक पट्टी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७०, पुढून काच आणि आत रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट, आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत बसवल्यासारखी एकच ओळ: '५०० वॅट गेमिंग एसएमपीएस', म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना पुरवणारा डबा. कूलरपुढे लिहिलं आहे, 'प्रोसेसरसोबत येतो'.

तो येत नाही. इंटेलच्या 'के' अक्षराच्या प्रोसेसरच्या खोक्यात कूलर नसतो. पहिल्यांदाच पीसी जोडणारा मुलगा ही यादी घेऊन गेला, तर घरी येऊन खोकं उलटंपालटं करत बसेल.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले एक गुणक. १४६००केचा सर्वांत वरचा वेग ५.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे गुणक ५३. हा गुणक हाताने वाढवता यावा म्हणून तर 'के' प्रोसेसरचे जास्त पैसे मोजायचे. पण इंटेल ही मुभा झेड मालिकेच्या चिपसेटवरच (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपवरच) देतं. हा प्रोसेसर ज्या सॉकेटात बसतो त्यासाठी ते झेड६९० किंवा झेड७९०. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, पॉवरच्या मर्यादा बदलता येतात, गुणक मात्र वाढवता येत नाही. म्हणजे आपल्या वाचकाने कुलूप उघडं असलेला प्रोसेसर जास्त पैसे देऊन घ्यायचा आणि तो कुलूप लावणाऱ्या मदरबोर्डवर बसवायचा. एकतर झेड बोर्ड घ्या, नाहीतर 'के' नसलेला प्रोसेसर घेऊन वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. दोन्ही सरळ रस्ते आहेत. छापलेला तिसरा रस्ता मात्र कुठेच जात नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर 'ही बाई कोण' असा प्रश्न येईल. मी वीज मंडळाच्या मीटर तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली अभियंता. भाच्याचा पीसी जोडून दिला तेव्हापासून रामबागेतली आणि आसपासची मुलं 'काकू, जरा यादी बघता का' म्हणत येतात. आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधले दुकानदारही आता ओळखतात, काही आनंदाने, काही नाइलाजाने. नोकरीत एक सवय लागली: यंत्राची जाहिरात वाचायची नाही, त्यावरची चिठ्ठी वाचायची. त्या सवयीने बघितलं तर आपली यादी मला उलटी वाटते. ओव्हरक्लॉकिंगचा पीसी प्रोसेसरपासून नव्हे, भिंतीतल्या प्लगपासून ठरवत यावा.

रामबाग, नारायणबाग, जुनं इंदूर इथल्या कितीतरी घरांत वायरिंग जुनं आहे आणि तीन पिनांच्या सॉकेटातली तिसरी पिन नुसती शोभेला असते. 'काकू, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात' अशी तक्रार मुलं आणतात आणि दुकानदार एसएमपीएस बदलून देतो. झिणझिण्या तशाच राहतात. कारण एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यातले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांनाही धातूच्या कवचाशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो क्षीण प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं आणि टेस्टर लावला की दिवा लागतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस बहुधा मरत नाही, पण फिल्टरला अर्थच मिळाला नाही तर तो आपलं काम अर्धंच करतो. वेगाच्या काठावर चालवलेला पीसी अशा घरात विनाकारण रीस्टार्ट झाला, तर दोष कुणाचा ते शोधता शोधता पुरेवाट होते. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. यादीतलं सर्वांत स्वस्त काम हेच, आणि ते कुठल्याच यादीत नसतं.

आता एसएमपीएस. १४६००के जास्तीत जास्त १८१ वॅट घेतो असं इंटेल स्वतः सांगतं, तेही ओव्हरक्लॉक न करता. आरटीएक्स ५०७० चा आकडा २५० वॅट. दोन्ही मिळून ४३१. वर मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे. म्हणजे ५०० वॅटमध्ये हात हलवायलाही जागा नाही, आणि खुद्द एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅट सुचवतं. त्यात ग्राफिक्स कार्डांचा भार सरळ रेषेत नसतो, क्षणभर उसळी घेऊन खाली येतो. या उसळ्यांमुळेच एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अट घातली गेली की एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सोसली पाहिजे. ओव्हरक्लॉक करायचं असेल तर मी या जोडीला ७५० वॅटच्या खाली जाणार नाही, आणि एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचाच घेईन.

पण वॅटच्या आकड्यावरही विसंबू नका. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. बाहेर ठळक '५००' आणि आत १२ व्होल्टला २५ अँपिअर असेल, तर गुणाकार करा: ३०० वॅट. बाकीचे २०० वॅट अशा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषांवर दाखवलेले असतात, ज्यांना आजचा पीसी फारसं विचारत नाही. चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टची बेरीज जवळपास पूर्ण वॅटइतकी असते.

'८० प्लस गोल्ड'चा शिक्का बघून लोक निश्चिंत होतात. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर ९० टक्के किंवा त्याहून जास्त कार्यक्षमता. तीही चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. इंदुरात मे महिन्यात २३ अंश कुठे? म्हणून मी तिसरी गोष्ट शोधते: पूर्ण क्षमता किती तापमानाला धरली आहे. काही कंपन्या ४० अंश लिहितात, काही ५०, आणि काही लिहितच नाहीत. न लिहिणाऱ्यांना मी दुकानातच राहू देते.

स्टॅबिलायझरबद्दल हमखास विचारणा होते. आमच्या नोकरीत २३० व्होल्टच्या वरखाली ६ टक्के ही मर्यादा पाठ असायची, आणि ती प्रत्येक गल्लीत प्रत्येक संध्याकाळी पाळली जाते असा दावा मी तरी करणार नाही. पण अॅक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर स्वतः सुधारणारे) बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात (चिठ्ठी वाचा, काही स्वस्त नग २०० पासूनच सुरू होतात). त्यांना कमी दाबाचं दुःख नाही, स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. दुःख आहे ते वीज निमिषभर जाण्याचं. एटीएक्स ३.० प्रमाणे ८० टक्के भारावर एसएमपीएसने १७ मिलिसेकंद तग धरायची असते. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, त्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं लिहिलेलं असतं. 'यूपीएस'वर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो, दुसऱ्या बाजूला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणजे पीसी बंद पडतो आणि नाव ओव्हरक्लॉकिंगचं होतं. आणि दुकानात पीसीबरोबर गळ्यात मारतात तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना वीज गेली की तो शिट्टी मारून पीसीच्या आधी मान टाकतो.

कॅबिनेटबद्दल एकच वाक्य पुरे होतं, पण पुढून काच असलेली कॅबिनेटं इतकी खपतात की जरा जास्त लिहिते. पुढे काच आणि तिच्या मागे सात रंगांचे तीन पंखे, हे स्वेटर घालून पंख्याखाली बसण्यासारखं आहे. हवा बाजूच्या फटीतून जेवढी शिरेल तेवढीच. पुढे जाळी हवी, जाळीला काढून धुता येणारा फिल्टर हवा, पुढून दोन पंखे आत फेकणारे आणि मागून एक बाहेर काढणारा. इंदूरने स्वच्छतेत २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळवला (शेवटचा सुरतबरोबर), पण मेट्रोच्या खोदकामाची धूळ स्वच्छ सर्वेक्षण बघून येत नाही. कधीतरी फिल्टर काढून बघा.

आणि कृपा करून कॅबिनेट घरातल्या वाळ्याच्या कूलरसमोर ठेवू नका. हे आमच्या माळव्यात सर्रास चालतं. 'काकू, दहा अंशांनी उतरलं' असं मुलं कौतुकाने सांगतात. उतरतं खरं. पण तो कूलर दमट हवा फेकतो, आणि बोरिंगचं पाणी असेल तर त्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर उडतात. रेडिएटरच्या पात्यांवर आणि मदरबोर्डवर पांढरी पूड साठलेला पीसी मी उघडून पाहिला आहे.

उष्णतेचा हिशेब एकदा मांडतेच, कारण आपल्या लेखात तो कुठेच नव्हता. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग ५ टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं. तर उष्णता किती? १.३५ भागिले १.२० म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग १.२६६, गुणिले १.०५. उत्तर १.३३. म्हणजे ५ टक्के वेगासाठी एक तृतीयांश जास्त उष्णता. हा सौदा कुणाला परवडतो आणि कुणाला नाही, हे ठरवते खोली.

हवेचा कूलर असो की पाण्याचा, तो चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. चिप खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. जानेवारीत खोली २० अंश असताना चिप ७५ वर असेल, तर फरक ५५ चा. तोच फरक मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत धरला तर ९३. इंटरनेटवर दिसणारी तापमानं बहुधा थंड देशातल्या किंवा एसी लावलेल्या खोल्यांतली असतात. आपल्याकडे माळव्याच्या रात्रींचं कौतुक आहे आणि मुलं गेमही रात्रीच खेळतात, त्यामुळे थोडं निभावतं. ग्वाल्हेरला माझी बहीण असते, तिथे मेमध्ये तेवढाही दिलासा नाही. म्हणून माझा हट्ट असा: ओव्हरक्लॉकिंगची जुळवाजुळव मे महिन्याच्या दुपारी करावी, एसी बंद ठेवून. डिसेंबरच्या रात्री स्थिर वाटलेला वेग उन्हाळ्यात कोसळतो आणि मुलं प्रोसेसर खराब झाला म्हणून दुकानात घेऊन जातात. मे-जूनमध्ये टिकला तो बारा महिने टिकतो.

कूलर कुठला, तर १४६००के किंवा त्याच्या बरोबरीच्या प्रोसेसरला दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा हवेचा कूलर मला पुरेसा वाटतो. त्यात बिघडण्यासारखा भाग म्हणजे पंखा, आणि तो कुठेही मिळतो. घेण्याआधी त्याची उंची आणि कॅबिनेटची रुंदी दोन्ही बघा. असे कूलर साधारण १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची बाजूची काच बंद होत नाही. उंच पिसारा असलेली रॅमही आडवी येते. पाण्याचाच घ्यायचा असेल तर ३६० मिलिमीटरचा घ्या आणि पंप पूर्ण मांडणीतला सर्वांत उंच बिंदू होऊ देऊ नका, नाहीतर आतली हवा पंपात येऊन बसते आणि तो गुरगुरायला लागतो.

मदरबोर्डात बघायचा तो प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम. भाचा दिव्यांचे रंग बघतो, मी या भागावर धातूचे हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे ठोकळे) आहेत का ते बघते. नुसत्या काळ्या चौकोनी चिपा उघड्या पडल्या असतील तर तो बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी नाही, मग त्यावर 'गेमिंग' लिहिलेलं असो की ड्रॅगन काढलेला. व्हीआरएम तापला की बोर्ड आपणहून प्रोसेसरची वीज आवळतो आणि मिळवलेला वेग परत घेतो. खोक्यावरच्या फेजांच्या (व्हीआरएमच्या, वीज वाटून घेणाऱ्या भागांच्या) आकड्यांत बेरजेच्या युक्त्या फार असतात, त्यावर भांडत बसू नका.

प्रोसेसरबद्दल एक गोष्ट आपल्या लेखात यायलाच हवी होती. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेची तक्रार जगभर झाली. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवली गेली. यादीतला १४६००के त्याच पिढीतला आहे. त्याला हात लावण्याआधी मदरबोर्डची बायोस (त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) नवी करून घ्यावी, कारण ही दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. जुना, वापरलेला १३ व्या-१४ व्या पिढीचा 'के' प्रोसेसर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, हे तर वेगळं सांगायला नको.

एएमडीचा पर्याय लेखात नव्हताच. त्यांच्या एएम५ सॉकेटवर बी६५० सारख्या मधल्या चिपसेटवरही प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, फक्त ए६२० वर नाही. रायझन ५ ७६००एक्स हा मुळातच ९५ अंशांपर्यंत बेधडक जाणारा प्राणी. त्याला हाताने गुणक वाढवण्यापेक्षा पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या एएमडीच्याच सोयी वापरून व्होल्टेज थोडं कमी करावं, तो वेग आपणच वाढवतो. आकड्यात 'एक्स३डी' असलेल्यांत मात्र नीट बघा. ७८००एक्स३डीचा गुणक बंद आहे, ९८००एक्स३डीचा उघडा. आणि दोन्ही कंपन्यांची एक अट मुलांना कुणी वाचून दाखवत नाही: ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान हमीत धरत नाहीत. एएमडीच्या बाबतीत त्यांनीच दिलेलं पीबीओ वापरलं तरीही.

खरं सांगायचं तर हा छंद आता पूर्वीसारखा फायद्याचा राहिलेला नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवणारे वाचक असतील. त्याचा गुणक ४.५ वर बंद होता, पण मदरबोर्डचा बस, म्हणजे मूळ ठोका, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा. दीडपट वेग, फुकट. तेव्हा ती काटकसर होती. आता कंपन्याच कारखान्यातून पिळून पाठवतात आणि आपल्या हाती चार-दोन टक्के उरतात. तेही १४४०पी किंवा ४के अशा जास्त बारकाव्याच्या पडद्यावर खेळत असाल तर दिसत नाहीत, तिथे ग्राफिक्स कार्डच आधी दमतं. तरी मुलांनी करू नये असं मी म्हणणार नाही. व्होल्टेज, वेग आणि उष्णता यांचं नातं महाविद्यालयात जे डोक्यावरून गेलं, ते इथे एका रात्रीत हातात येतं.

आजही खरोखर पदरात पडतं ते रॅमकडून, आणि नेमकी तिथेच आपल्या यादीने एक पट्टी सुचवली आहे. 'पुढे दुसरी टाकता येईल' हे दुकानदारांचं आवडतं वाक्य. एका पट्टीने रॅमचा एकच रस्ता उघडतो, दुसरा मोकळा पडून राहतो. दोन पट्ट्यांचा एकाच खोक्यातला संच घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. नंतर आणलेली वेगळी पट्टी पहिलीशी जुळेल याचा भरवसा नाही, आणि डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या भरल्या तर वेग उलट उतरवावा लागतो. एएम५ साठी ६००० वेगाचा संच चांगला. पण ६००० सगळे सारखे नसतात. सीएलचा आकडा (मागितलेली माहिती मिळेपर्यंत लागणारे ठोके) बघा: त्याला २००० ने गुणून वेगाने भागलं की उशीर नॅनोसेकंदांत मिळतो. सीएल३० चा १०, सीएल४० चा १३.३. एवढं करून बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी सोय) चालू करायचं विसरू नका. ते चालू केल्याशिवाय ६००० ची रॅम बहुधा ४८०० वरच चालत राहते. महागाची रॅम घेऊन ती वर्षानुवर्षं हळू चालवणारी मुलं मी बघितली आहेत. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की मी या पत्रात कुठलाच भाव लिहीत नाही, छापून येईपर्यंत खोटा ठरेल.

ग्राफिक्स कार्डाच्या 'ओसी' (आधीच ओव्हरक्लॉक केलेल्या) आवृत्तीला जास्त पैसे देऊ नका. कारखान्यातून जेवढं वाढवून देतात तेवढं आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पडद्यावरचे दोन स्लायडर सरकवून घरी होतं. फक्त त्या १६ पिनांच्या नव्या कनेक्टरचं टोक पूर्ण आत गेलंय ना ते डोळ्यांनी बघा आणि वायर तोंडाशीच वाकवू नका. आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या २०२२ पासून येत आल्या, आणि त्यांतल्या अनेकांत प्लग अर्धवट बसलेला होता.

वेग वाढवल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा, मग प्रोसेसरवर भार टाकणारं ओसीसीटी किंवा प्राइम९५, शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडून तापमान बघत. रॅमची चूक सर्वांत दगाबाज, ती पडदा निळा करत नाही, आधी गुपचूप फायली नासवते. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतील तर आधी दुसरीकडे ठेवा. आणि वेग वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदला. भाचा एकदम चार बदलतो, मग 'मावशी, नक्की काय झालं?' असा फोन येतो.

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते. वरचं सगळं नीट ठरवलं तरी बाजारात एक गोष्ट आड येते: बिल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बिलांवर 'गेमिंग पीसी, नग १' एवढंच असतं. किंवा 'झेड७९० बोर्ड', '७५० वॅट गोल्ड'. कुठल्या कंपनीचा, कुठला मॉडेल? एकाच कंपनीचे झेड७९० चे सात-आठ बोर्ड असतात आणि त्यांच्या व्हीआरएममध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुलाने एक सांगितलेला असतो, खोक्यात दुसरा निघतो, आणि दुकानदार म्हणतो, 'भिया, एक ही बात है.' एक ही बात नसते. प्रोसेसरच्या बाबतीत तर खोक्याविना, ट्रेमधून काढलेला नग कुठल्या नावाने बिलात शिरतो ते कळतही नाही, आणि अशा नगाची हमी कंपनी थेट देत नाही, विकणारा देईल तेवढीच.

सुट्या भागांवर आपण १८ टक्के जीएसटी भरतो. त्या बदल्यात प्रत्येक भागाचं नाव, पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक वेगवेगळ्या ओळींत लिहिलेलं पक्कं बिल मागणं यात काही उर्मटपणा नाही. हमीचा दावा करताना सिरियल क्रमांकच कामाला येतो. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर पैसे देण्याआधी दुकान बदला. पैसे देऊन झाल्यावर फसवणूक लक्षात आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही आहे. पण पोरं पंचवीस-तीस हजारांच्या फरकासाठी तिथवर जात नाहीत, हे दुकानदारांना पक्कं माहीत आहे. इंदुरात प्रामाणिक दुकानदार भरपूर आहेत. चार ओळींचं बिल करणारे आणि नको तो नग आपणहून नको म्हणणारेही मी ओळखते, आणि मुलांना तिथेच पाठवते.

आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. ती यादी दुरुस्त करून त्याच पुरवणीत, त्याच जागी पुन्हा छापावी. बी७६० च्या जागी झेड७९० आणि व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बोर्ड, वेगळा कूलर, दोन पट्ट्यांचा रॅम संच, जाळीचं कॅबिनेट, ७५० वॅटचा एसएमपीएस. यात दीड लाख ओलांडत असतील तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणा. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं, चांगला एसएमपीएस पुढच्या पीसीतही चालतो. आणि यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्यावा. मुलं ते कात्रण घेऊनच दुकानात जातात. 'बी७६० बोर्ड' असं मोघम छापलं की दुकानदारालाही कपाटातला जुना नग काढायला मोकळीक मिळते.

कळावे,
आपली,
एक वाचक
रामबाग, इंदूर

ता. क. पत्र छापलं तर नाव देऊ नये. या महिन्यात शेजारच्या मुलाचा एसएमपीएस बदलून घ्यायला मला अशाच एका दुकानात जायचं आहे.